बारा शेकडे संत्री

मी एका बाईंचे वाईट केले, आणि ते एका ओळीत केले. ओळ अशी होती : ‘बुद्धी चांगली, परंतु स्वभाव उद्धट, शिकवणाऱ्याशी वाद घालण्याची सवय आहे.’ ती मी माझ्या हाताने, वळणदार अक्षरात लिहिली, पाकीट डिंकाने बंद केले आणि अकोल्याला पाठवून दिले. त्या बाईंनी मला काही त्रास दिला नव्हता. एकदा चारचौघांत त्या बरोबर ठरल्या आणि मी चुकलो, इतकेच झाले होते.

मी मूळचा पुण्याचा. बी. ए. होऊन अमरावतीच्या एका हायस्कुलात मराठी आणि गणित शिकवायला आलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चाले, आणि शाळांमधून पुण्याकडच्या मास्तरांना जरा जास्तच मान मिळे. तो मान आपल्या लायकीचा आहे असे मी धरून चाललो होतो.

शहरातल्या काही शिकलेल्या बायकांनी प्रौढ स्त्रियांसाठी एक वर्ग काढला होता. मुलींच्या शाळेची एक खोली त्यांना संध्याकाळी साडेपाच ते सात मिळे. ज्या बाईला आपले पोट आपण भरायचे आहे तिला मराठी चौथीच्या परीक्षेला बसवायचे आणि मग पुढच्या एखाद्या शिक्षणाला पोचवायचे, असा तो बेत होता. अकोल्याला शिक्षिकांसाठी दोन वर्षांचा ट्रेनिंगचा वर्ग होता. इस्पितळात सुईणीचे काम शिकवत. शिकवायला कोणी मास्तर मिळेना, म्हणून मला विचारले, आणि मी हो म्हटले. बायकांना शिकवणारा मास्तर म्हणून आपले नाव होईल, हा विचारही त्या होकारात होता. तो लपवण्यात अर्थ नाही.

वर्गात आठ-नऊ जणी येत. कोणी सरकी काढायच्या कारखान्यातून थेट येई, तिच्या केसांत कापूस अडकलेला असे. एकीचे हात मिरच्या कुटून इतके भगभगत की ती पाटी मांडीवर न ठेवता जमिनीवर ठेवून लिही. मला त्यांचे बोलणे कळायला वेळ लागला. बायकासुद्धा ‘मी जातो’, ‘मी करतो’ म्हणत, याचे मला हसू येई. ते हसू मी आवरत नसे.

ज्या बाईंविषयी मी लिहितो आहे त्या माळ्याच्या घरच्या. मोर्शीच्या रस्त्याला त्यांच्या भावाची बाग होती. वांगी, मेथी, पालक आणि कडेने संत्र्याची थोडी झाडे. लग्नानंतर चार वर्षांनी नवरा तापाने गेला, मूल नव्हते, भावाने माहेरी आणले. सकाळी बाजारातल्या भावाच्या दुकानावर भाजी विकायची, दुपारी बागेत निंदण करायचे, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन वर्गाला यायचे. अक्षरओळख त्यांना लहानपणीच झाली होती. बाकीच्या जणी वर्षभरात जेवढे शिकल्या तेवढे त्यांनी चार महिन्यांत संपवले.

पहिल्याच आठवड्यात मी ‘आमचा बाजार’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. त्यांनी लिहिले होते, ‘बाजारात वांगे, मिरच्या व सांभार विकाले येतो.’ मी ‘सांभार’ शब्दावर तांबड्या शाईने फुली मारली.

“कावून?” त्यांनी विचारले.

आमच्याकडे कावणे म्हणजे चिडणे. मी म्हणालो, “त्यात कावायचं काय आहे? चूक ती चूक.”

“मी कुठं कावली मास्तर? मी इचारून राहिली, कावून चूक आहे?”

वर्गात हशा पिकला. मिरच्या कुटणारी बाई वयाने मोठी होती, तिने मला समजावले : “अवो मास्तर, कावून म्हंजे कशाले. तुमच्या पुन्याले ‘का’ म्हनतात नं, थेच. आन सांभार म्हंजे तुमची ती कोथिंबीर.”

म्हणजे ‘कावून’चा अर्थ मला पहिल्याच आठवड्यात कळला होता. पुढे बरीच वर्षे मी स्वतःची समजूत घालत आलो की मी परका, नवा, मला भाषा कळली नाही आणि त्यामुळे गैरसमज झाला. ते खरे नाही.

त्या बाई दर गोष्टीला कावून म्हणत. वजाबाकीत हातचा शेजारून का घ्यायचा? ‘आणि’मधला ण वेगळा का, बोलताना तर सगळे नच म्हणतात? धड्यातल्या विधवेला लेखक दर वेळी ‘अभागिनी’ का म्हणतो, तिचे नाव का नाही सांगत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी दिली. तिसऱ्याला मी म्हणालो, “परीक्षेत हे विचारत नाहीत.” त्या हसल्या आणि पुढचे वाक्य वाचू लागल्या. त्यांच्या प्रश्नांमुळे वर्ग जागा राही, बाकीच्या जणीही मग विचारू लागत, आणि इतका चांगला वर्ग मी हायस्कुलातही घेतला नाही. हे मला तेव्हाही दिसत होते.

चौथीच्या परीक्षेत त्या पास झाल्या, वर्गात सगळ्यांत पुढे. अकोल्याच्या ट्रेनिंगला त्यांनी अर्ज करायचा असे ठरले. भाऊ तयार नव्हता. दोन वर्षे बाहेरगावी राहायचे, म्हणजे बागेतले दोन हात कमी. शेवटी तो बहिणीला म्हणाला होता, “एकडाव जाऊन पाय. घेतलं त घेतलं. नाही घेतलं त मंग पुन्हा नाव काढाचं नाही, दुकानावर बसाचं.” हे त्यांनी मला सांगितले होते. एकच संधी आहे हे मला माहीत होते.

त्याच सुमारास एका संध्याकाळी शाळा तपासनीस आमचा वर्ग बघायला आले. ते वऱ्हाडातलेच, मोठ्या पोटाचे, पान खाणारे गृहस्थ होते. वर्ग काढणाऱ्या बायकांपैकी दोघी-तिघीही खुर्च्या टाकून बसल्या. मी गणिताच्या पुस्तकातले एक उदाहरण फळ्यावर लिहिले. एका बागाइतदाराने बारा शेकडे संत्री विकली. व्यापाऱ्याने एका टोपलीत साठ याप्रमाणे ती भरली. तर टोपल्या किती लागल्या? बारा गुणिले शंभर, भागिले साठ. उत्तर वीस. मी वीसखाली दोन रेघा ओढल्या.

“मास्तर, वीस नाही होत,” त्या म्हणाल्या. “एकवीस लागन.”

“पुन्हा मांडून बघा.”

“मांडलं. शेकडा शंभराचा कुठं असते? बागेवरून माल उचलला का शेकड्यामागं पाच वर द्या लागते. रस्त्यानं सडते, दबते, म्हनून. बारा शेकड्याचे साठ वरचे झाले. त्याची एक टोपली.”

“पुस्तकात शेकडा म्हणजे शंभर.”

“पुस्तक लिवनाऱ्यानं इकत घेतली नसन संत्री कधी.”

तपासनीस पान सांभाळत मोठ्याने हसले. “बाई बरोबर बोलून राहिल्या मास्तर! मी मोर्शीकडचा आहो, मले मालूम आहे. पुसा ते वीस.” सगळा वर्ग हसला, खुर्च्यांवरच्या बायका हसल्या. मी फडक्याने वीस पुसले आणि एकवीस लिहिले. हसून लिहिले. माझे कान तापले होते.

वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या. “मास्तर, राग त नाही आला?”

“छे, राग कसला!” मी म्हणालो.

तीन दिवसांनी अर्जाचा कागद आला. तो आम्ही दोघांनी बसून भरला. जन्मसाल त्यांना माहीत नव्हते. बागेतली विहीर खोदली त्या साली जन्म झाला असे आई सांगे. भावाला विचारून विहिरीचे साल काढले आणि वय सव्वीस लिहिले. कागदासोबत एक वेगळा लहान कागद होता. शिकवणाऱ्याने उमेदवाराविषयी खासगी अभिप्राय लिहून बंद पाकिटात द्यायचा. तो मी घरी नेला.

तो लिहिताना मी रागात नव्हतो. रागात असतो तर कदाचित फाडून टाकला असता. जेवण झाले होते, चित्त शांत होते. आधी ‘बुद्धी चांगली’ लिहिले, कारण आपण न्यायी आहोत असे मला वाटायला हवे होते. मग पुढचे लिहिले. निवड करणाऱ्या बाईंना हे कळणे आवश्यक आहे, शिक्षिकेच्या अंगी नम्रता हवी, असे मी मनाशी म्हणत होतो. कावून या शब्दात उद्धटपणा नाही हे मला ठाऊक होते. ‘परंतु’ लिहिताना माझ्यासमोर तपासनिसांचे हसणारे तोंड होते.

बडनेऱ्याला गाडी बदलून त्या भावाबरोबर अकोल्याला मुलाखतीला गेल्या. दोन दिवसांनी परत आल्या आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी माझ्याकडे आल्या.

“नाही घेतलं मास्तर.”

“का? काय विचारलं?”

“पयले वाचून घेतलं, गणित घेतलं. ते सारं जमलं. मंग त्या मोठ्या बाईनं एक पाकीट फोडलं, वाचलं, आन माह्याकडं पाह्यलं. म्हने, तुम्ही शिकवणाऱ्यांशी वाद घालता का? मी म्हटलं, वाद नाही घालत बाई, समजलं नाही त इचारून घेतो. मंग ‘कावून इचारता, बाई?’ असं काई तरी माह्या तोंडातून निंगालं. त्यायनं कागद बाजूले ठेवून देला. मी तसं बोलाले नोको होतं का, मास्तर?”

पाकीट फोडले, हे त्यांनी सांगितले होते. ते कोणाचे होते हे त्यांनी विचारले नाही, कारण माझ्यावर त्यांचा संशय जाणेच शक्य नव्हते. मी त्यांचा मास्तर होतो, मीच अर्ज भरला होता. मी तेव्हा बोलू शकलो असतो. अकोल्याला दुसरे पत्र लिहू शकलो असतो. प्रवेश पक्के व्हायला अजून आठवडा होता.

मी म्हणालो, “थोडं सांभाळून बोलायला हवं होतं.”

ओळ लिहिली हे पहिले पाप. हे उत्तर दुसरे, आणि माझ्या मते जास्त मोठे. ओळीने त्यांची जागा गेली. या उत्तराने, ती आपल्याच जिभेमुळे गेली असे त्यांनी मनात पक्के धरले.

त्या दुकानावर बसल्या. दुसऱ्या दिवशी भावाच्या हाती त्यांनी माझ्या घरी वांगी आणि मेथी पाठवली, मी इतकी खटपट केली म्हणून. भाऊ ओट्यावर टोपली ठेवून म्हणाला, “तुमी त लय केलं मास्तर. तिचं तोंडच तसं आहे, त्याले कोन काय करन.” मी टोपली ठेवून घेतली. त्यानंतर मी भाजी आणायला दुसऱ्या बाजारात जाऊ लागलो. तो घरापासून लांब होता. बायकोने कारण विचारले तर म्हणत असे, तिकडे माल ताजा मिळतो.

वर्ग पुढे चालू राहिला, आणि मी तो आणखी मन लावून चालवला. दर वर्षी एक-दोन जणी अकोल्याच्या ट्रेनिंगला गेल्या. एक सुईण होऊन बाळापूरच्या दवाखान्यात लागली, एक तेल्हाऱ्याला शिक्षिका झाली. त्यांच्या अभिप्रायात मी हात राखून लिहिले नाही. लोक मला मानू लागले, एका समारंभात माझ्या गळ्यात हारही पडला. आणि मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकीला मी निघण्यापूर्वी सांगत असे, “तिथं उलट प्रश्न विचारू नका. आपल्याकडच्या एका हुशार बाईंची जागा त्यामुळं गेली.” नाव घेत नसे, पण सगळ्यांना माहीत असे. स्वतः केलेली गोष्ट मी दुसऱ्याची चूक म्हणून उदाहरणादाखल देत होतो, आणि ते वर्षानुवर्षे दिले. देता देता ते मलाच खरे वाटायला लागले होते.

अशी बारा वर्षे गेली. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्या बाईंचा भाऊ माझ्याकडे आला. केस पिकले होते. त्याच्याबरोबर त्याची थोरली मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची. तिला नवऱ्याने टाकले होते. आमच्या वर्गातून तिने परीक्षा दिली होती आणि आता तिला त्याच ट्रेनिंगला जायचे होते. वर्गात ती कधी बोलत नसे. मला वाटे, स्वभाव असेल.

“मास्तर, हिले जरा तुमच्या तोंडानं सांगा,” भाऊ म्हणाला. “तिथं तोंड उघडाचं नाही, इचारलं तेवढंच बोलाचं. आमी घरी लहानपनापासून सांगतच आलो. हिची आत्याच सांगते तिले, माह्यासारखं करू नोको म्हून.”

“आत्या सांगतात?” मी विचारले.

“त मंग! ते आता कोनाले काई इचारत नाही. गिऱ्हाइकानं भाव पाडला तरी गुमान देऊन टाकते. सुदरली म्हना नं.” तो हसला.

मुलगी खाली बघत उभी होती. मी तिला विचारले, तुला अकोल्याबद्दल काही विचारायचे आहे का? तिने आधी बापाकडे पाहिले आणि मग मान हलवून नाही म्हटले. दोन वर्षे परक्या गावात राहायला निघालेल्या मुलीला एकही प्रश्न पडला नव्हता, किंवा पडलेले सगळे तिने गिळले होते.

मी भावाला म्हणालो, “उद्या सकाळी मी तुमच्याकडे येतो. बहिणीला आणि हिला घरी थांबवा.”

त्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवले होते. मी गेलो तेव्हा त्या ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मला पाहून उठल्या, पदर सावरला, भाचीला पाणी आणायला सांगितले. त्या चाळिशीच्या जवळ आल्या होत्या. मी का आलो हे त्यांनी विचारले नाही. जुड्या बाजूला सारून बसून राहिल्या.

मी रात्रभर वाक्ये जुळवली होती, तीच बोललो. त्या वेळी मी नवा होतो, तरुण होतो, इथली बोली मला नीट उमगत नव्हती, त्यामुळे तुमच्याविषयी माझा गैरसमज झाला, आणि अकोल्याच्या त्या पाकिटात मी तुमच्या स्वभावाबद्दल एक वाईट ओळ लिहिली. तुमची जागा त्या ओळीमुळे गेली.

भाऊ उभा राहिला. “काय म्हनता?” त्याचा आवाज चढला. “पाकीट तुमचं होतं? आन मी बारा वर्सं हिले बोलून राहिलो? हिच्या तोंडाले दोस देऊन राहिलो?”

“दादा, बस,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा हात बाजूच्या जुडीवर होता. “बोली समजत नव्हती म्हनता. तुमाले त मालूम होतं मास्तर. पयल्याच हप्त्यात त्या मिरच्या कुटनाऱ्या बाईनं कावूनचा अर्थ सांगतला होता तुमाले. मी तिथंच बसली होती.”

त्यांनी जुडीवरचा हात काढून घेतला.

“मले वाटे, मीच जास्त बोलली,” त्या म्हणाल्या. “रोज वाटे. दुकानावर बसल्या बसल्या त्या बाईसमोरचं बोलनं पुन्हा पुन्हा म्हनून पाहो मी, कसं बोलली असती त घेतलं असतं. ह्या पोरीलेही तेच शिकवलं.” भाची पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. “तुमी त्या दिवशी मले म्हटलं होतं, सांभाळून बोलाचं होतं. मी तुमचं आयकलं.”

मग जुळवून नेलेले सगळे मी सोडून दिले. ओसरीवरून उठून उभा राहिलो आणि भावाला आणि भाचीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना म्हणालो :

“बाई, भाषा मला कळत होती. त्या दिवशी तपासनिसांसमोर तुम्ही बरोबर होता आणि मी चुकलो होतो. लोक मला हसले, आणि त्याचा सूड मी त्या पाकिटात घेतला. तुमची एकच संधी आहे हे मला माहीत होतं. तुम्ही परत येऊन विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो आणि दोष तुमच्यावर ढकलला. आणि इतकी वर्षं वर्गातल्या बायकांना तुमचं उदाहरण देत राहिलो. तुमच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं, तेव्हाही नव्हतं. हे मी आज वर्गात सगळ्यांना सांगणार आहे, आणि अकोल्याला तसं लिहून पाठवणार आहे. तुमची जागा मला परत देता येत नाही. मी तुमचा अपराधी आहे. मला क्षमा करा.”